खोली रिकामी, पंखा चालू: माणसाची चाहूल ओळखून वीज कशी वाचवायची

माणूस खोलीतून उठून गेला की दिवा, पंखा, एसी आपोआप बंद व्हावा, ही कल्पना कुणालाही पटते. पण उत्साहाने लावलेले सेन्सर बऱ्याच घरांत महिनाभरात काढून ठेवले जातात. वाचत बसलेल्या माणसाच्या डोक्यावरचा दिवा दोनदा गेला की घरातले लोक तिसऱ्यांदा वाट बघत नाहीत. दुसरी अडचण उशिरा लक्षात येते. हे सेन्सर, रिले (आज्ञेवर चालणारा स्विच) आणि हब (सगळ्यांना आज्ञा देणारं छोटं यंत्र) स्वतःच चोवीस तास वीज खातात. म्हणून काय लावायचं याआधी कुठे लावायचं ते ठरवू.

आधी कागद आणि पेन्सिल

एक युनिट म्हणजे एक हजार वॉट, एक तास. हिशोबासाठी सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये घेऊ. तुम्ही मात्र स्वतःच्या बिलातला दर घ्या, तोही सर्वांत वरच्या टप्प्याचा. महावितरणच्या घरगुती बिलात ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे असतात आणि वाचलेलं युनिट नेहमी तुमच्या सर्वांत महागड्या टप्प्यातून कमी होतं.

जुना पंखा ७५ वॉटचा. रोज तीन तास फुकट फिरत असेल तर महिन्याला पावणेसात युनिटं, म्हणजे ८१ रुपये. ९ वॉटचा एलईडी दिवा तितकाच वेळ फुकट जळला तर महिन्याला फक्त ०.८१ युनिट. त्या दिव्यामागे बसवलेलं वाय-फाय रिले मॉड्यूल साधारण पाऊण वॉट घेतं, म्हणजे महिन्याला अर्ध्या युनिटहून जास्त. हाती काहीच राहत नाही. एकट्या एलईडी दिव्यासाठी स्मार्ट स्विच हा वीज वाचवण्याचा उपाय नव्हे. ती सोय आहे, सोय म्हणून जरूर घ्या.

आता एसी. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी चालू असताना सरासरी ९०० वॉट घेतो असं धरू. रोज एक तास रिकामी खोली थंड करत असेल तर महिन्याला २७ युनिटं, ३२४ रुपये. टीव्हीजवळचा सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केल्यावरही बऱ्याचदा १०-१५ वॉट घेत राहतो. १२ वॉट धरून रोजचे अठरा तास मोजले की झाली साडेसहा युनिटं.

पंख्याबाबत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बारा तास चालणारा ७५ वॉटचा पंखा काढून ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा लावला तर महिन्याला १६ युनिटं वाचतात, तीही कुठलाही सेन्सर न लावता. पैसे मोजकेच असतील तर आधी पंखा बदला. बीएलडीसी आल्यावर तीन तासांच्या फुकट फिरण्याचे फक्त २.७ युनिट उरतात. त्यातून सेन्सर आणि रिलेचं स्वतःचं महिन्याचं सव्वा युनिट वजा करा.

यातून नियम निघतो तो असा: एका सेन्सरवर जितकी उपकरणं जास्त, तितका फायदा जास्त. बैठकीत एक सेन्सर लावून त्याच्यावर एसी, पंखा, दिवे आणि टीव्हीचा बोर्ड अशी चारही कामं सोपवली तर पैसे वसूल होतात. खोलीगणिक एकेका दिव्याला एकेक सेन्सर लावला तर होत नाहीत.

कोणता सेन्सर कुठे

बाजारात दोन जाती प्रामुख्याने मिळतात. त्यांचा स्वभाव वेगळा आहे.

पीआयआर सेन्सर गरम शरीराची हालचाल पाहतो. स्वस्त, वीज जवळजवळ न खाणारा, बॅटरीवर अनेक महिने चालणारा. सगळ्यांना माहीत असलेला एचसी-एसआर५०१ हा याच जातीचा: पल्ला सात मीटरपर्यंत, वर दोन छोटे स्क्रू, एक पल्ल्याचा आणि एक वेळेचा. शेजारी एक जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असतो, तो 'एच' वर ठेवा, म्हणजे हालचाल चालू असेपर्यंत वेळ पुन्हा पुन्हा वाढत जाते. 'एल' वर असेल तर माणूस समोर हलत असतानाही तो मध्येच 'नाही' म्हणून मोकळा होतो. वीज दिल्यावर पहिलं मिनिटभर तो काहीही सांगतो, त्या वेळचं वाचन मनावर घेऊ नका.

पीआयआरची मर्यादा ही की माणूस स्थिर बसला की त्याच्या लेखी खोली रिकामी. दुपारची वामकुक्षी, पुस्तक, लॅपटॉप, पूजा या सगळ्यांत तो फसतो. दुसरी मर्यादा आपल्याकडे विशेष जाणवते. शरीर आणि भोवतालच्या भिंती यांच्या तापमानात फरक असेल तरच त्याला माणूस दिसतो. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे खोलीच पस्तीस-सदतीस अंशांवर जाते, तेव्हा हा फरक जवळजवळ संपतो आणि थंडीत पाच मीटरवरून माणूस टिपणारा सेन्सर दोन मीटरवरही चाचपडतो. हिवाळ्यात बसवून 'उत्तम चालतो' म्हटलेला सेन्सर उन्हाळ्यात पुन्हा तपासा.

दुसरी जात मिलिमीटर-वेव्ह रडारची. एलडी२४१० हे त्यातलं सहज मिळणारं मॉड्यूल. ते २४ गिगाहर्ट्झवर चालतं, समोरच्या दोन्ही बाजूंना साठ साठ अंश पाहतं आणि श्वासाने होणारी छातीची हालचालसुद्धा टिपतं. उन्हाळ्याचा त्याच्यावर परिणाम होत नाही. मात्र ५ व्होल्टवर ते साधारण ८० मिलिअँपिअर घेतं, त्यामुळे बॅटरीवर चालवता येत नाही. ईएसपी३२ (वाय-फाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि अॅडॅप्टर धरून सगळं मिळून एक-सव्वा वॉट होतात.

जिना, पॅसेज, न्हाणीघर, कोठीची खोली इथे पीआयआर. बैठक आणि अभ्यासाची खोली इथे रडार. झोपण्याच्या खोलीत पंख्याला कुठलाच सेन्सर जोडू नका असं आमचं ठाम मत आहे. जाड गोधडीखाली निजलेल्या माणसाचा श्वास रडारलाही कधी कधी चुकतो आणि मध्यरात्री पंखा बंद पडला तर वाचलेल्या दोन रुपयांची किंमत सगळं घर मोजतं.

हाताने लावा, सेन्सरने बंद करा

संपूर्ण योजनेचा पाया हाच आहे. चालू करण्याचं काम माणसाकडे ठेवा, सेन्सरला फक्त बंद करण्याचा अधिकार द्या. वीज वाचते ती बंद करण्यात. आपोआप चालू केलं तर पाण्याचा तांब्या ठेवायला आलेल्या माणसासाठीही पंखा आणि तीन दिवे लागतात, म्हणजे खप वाढतोच. अपवाद दोन: जिना आणि रात्रीचं न्हाणीघर. तिथे हात मोकळे नसतात किंवा अंधारात स्विच चाचपडणं धोक्याचं असतं.

याचा आणखी एक फायदा आहे. दिवा बंद होताना रिलेच्या धक्क्याने पुरवठ्याचा व्होल्टेज क्षणभर हलतो आणि स्वस्त पीआयआरला तीच हालचाल वाटते. मग दिवा बंद, लगेच चालू, पुन्हा बंद असा खेळ रात्रभर चालतो. आपोआप चालू करणं ठेवलंच नसेल तर हा प्रश्नच येत नाही. जिथे ठेवलं आहे तिथे बंद झाल्यानंतरची पाच सेकंदं सेन्सरकडे दुर्लक्ष करायला सांगा. ईएसपी३२ चा अँटेना एचसी-एसआर५०१ ला चिकटून असेल तरीही खोट्या हालचाली येतात, दोघांत किमान वीतभर अंतर ठेवा.

बैठकीसाठी लागणारं सामान

एलडी२४१०सी एक. 'सी'च घ्या, कारण त्याच्या पिनांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर असतं, नेहमीच्या जंपर वायरी बसतात. साध्या आणि 'बी' प्रकारात १.२७ मिलिमीटरच्या पिना येतात, त्यांना डाग द्यायला बारीक टोकाचा सोल्डरिंग आयर्न आणि स्थिर हात लागतो. ईएसपी३२ बोर्ड एक. ५ व्होल्ट, १ अँपिअरचा चांगल्या प्रतीचा अॅडॅप्टर एक. पंख्यासाठी आणि दिव्यांसाठी वाय-फाय रिले मॉड्यूल. टीव्हीच्या बोर्डासाठी स्मार्ट प्लग. एसीसाठी इन्फ्रारेड ब्लास्टर, म्हणजे रिमोटसारखे इशारे पाठवणारं यंत्र. नियम चालवायला होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर, जुन्या लॅपटॉपवर नव्हे तर रास्पबेरी पाय किंवा तसल्याच छोट्या यंत्रावर. ४ वॉटचा हब महिन्याला जवळजवळ तीन युनिटं घेतो. चाळीस वॉटचा जुना संगणक चोवीस तास चालू ठेवला तर २९ युनिटं त्यातच जातात आणि सगळी बचत धुऊन निघते.

रडारची जोडणी सोपी आहे: व्हीसीसी ५ व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला, रडारची टीएक्स (पाठवणारी पिन) ईएसपी३२ च्या जीपीआयओ १६ या पिनेला आणि आरएक्स (घेणारी) जीपीआयओ १७ ला. ईएसपीहोम या ईएसपी३२ साठीच्या सॉफ्टवेअरमध्ये एलडी२४१० साठी तयार घटक आहे. यूआर्टचा (या दोन पिनांवरच्या संवादाचा) वेग २५६००० ठेवा. इथेच बरेच जण नेहमीचा ११५२०० लिहितात आणि मॉड्यूल बिघडलं असं समजून परत पाठवतात.

भिंतीतल्या बोर्डाचं काम

हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, पण त्याच्या शेजारी उभं राहता यावं म्हणून काय घडतं ते समजून घ्या.

परदेशी व्हिडिओंत 'स्विचच्या डब्यात न्यूट्रल नसतो' ही रड कायम ऐकू येते. आपल्याकडे बहुतेक बोर्डांवर स्विचांबरोबर एक ५-६ अँपिअरचं सॉकेट असतं, त्यामुळे न्यूट्रल तिथेच हजर असतो. खरी अडचण दुसरी आहे. बोर्डातल्या सगळ्या स्विचांना फेजचा एकच लूप फिरवलेला असतो, म्हणजे फेज एका स्विचवरून पुढच्या स्विचला जातो.

मेन एमसीबी पाडा. टेस्टरवर विसंबू नका, मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही शून्य आहेत ना ते पाहा. पंख्याच्या स्विचला दोन वायरी दिसतील: एक लूपची, दुसरी रेग्युलेटरकडे जाणारी. लूपची वायर या स्विचमधून काढा, पण पुढच्या स्विचांना फेज मिळत राहील अशी कनेक्टरने जोडून घ्या. तिथूनच एक तुकडा मॉड्यूलच्या फेजला द्या. न्यूट्रल सॉकेटवरून. मॉड्यूलचं आउटपुट रेग्युलेटरकडे जाणाऱ्या वायरला. आता मोकळ्या झालेल्या स्विचच्या दोन टोकांपासून दोन वायरी मॉड्यूलच्या स्विच-टर्मिनलला न्या, म्हणजे भिंतीवरचं बटण पूर्वीसारखंच चालेल. ही वायर कधीही गाळू नका. वाय-फाय बंद असलं तरी आजोबांना बटण दाबून पंखा लावता आला पाहिजे.

सोनऑफ मिनी या रिले मॉड्यूलच्या एस-१, एस-२ ला फेज द्यायचा नसतो, तिथे कोरडा (विजेशी न जोडलेला) स्विचच लागतो. शेली-१ या मॉड्यूलच्या एसडब्ल्यू टर्मिनलला मात्र स्विचमधून फेजच द्यावा लागतो. एकाची आकृती पाहून दुसरं जोडलं तर मॉड्यूल जळू शकतं. लूपची वायर स्विचमध्ये तशीच राहून गेली तरीही हेच होतं. हाती घेतलेल्या मॉड्यूलची आकृती त्याच्याच पत्रकात पाहा.

घरात इन्व्हर्टर असेल तर आणखी एक तपासणी. फेज इन्व्हर्टरच्या सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्याच सर्किटचा घेतला गेला तर आरसीसीबी (गळती झाल्यास वीज तोडणारा ब्रेकर) उडत राहतो. दोन्ही एकाच सर्किटचे हवेत.

पंख्याचा रेग्युलेटर मॉड्यूलच्या पुढे, जसा आहे तसा राहू द्या. बीएलडीसी पंख्याला डिमर किंवा जुना रेग्युलेटर लावू नका. हे पंखे वीज गेल्यावर आधीचा वेग लक्षात ठेवतात की नाही ते कंपनीगणिक बदलतं. रिलेने तोडण्याआधी बटण दोनदा बंद-चालू करून पाहा. लक्षात ठेवत नसेल तर पंख्याला इन्फ्रारेडनेच आज्ञा द्या.

रडार बसवणं आणि शिकवणं

रडार छताला, पंख्याशेजारी लावू नका. पाती सतत फिरत असल्याने त्याला खोलीत कायम माणूस दिसतो. भिंतीवर जमिनीपासून मीटर-सव्वा मीटर उंचीवर, सोफ्याकडे तोंड करून बसवा, म्हणजे पाती त्याच्या कोनाच्या कडेला जातात. खिडकीचा पडदा आणि झुलणारा स्टँड फॅन त्याच्या थेट समोर नसावा.

एलडी२४१० समोरची जागा पाऊण पाऊण मीटरच्या टप्प्यांत मोजतं. प्रत्येक टप्प्याला हलत्या आणि स्थिर लक्ष्यासाठी ० ते १०० असा वेगळा उंबरठा देता येतो. आकडा मोठा म्हणजे संवेदना कमी. खोली तीन मीटर खोल असेल तर कमाल टप्पा ४ वर ठेवा. हे केलं नाही तर प्लायवुडचं पार्टिशन किंवा लाकडी दार ओलांडून पलीकडच्या पॅसेजमधला माणूसही मोजला जातो.

मग खोली रिकामी करा, पंखा पूर्ण वेगात, एसीची झडप झुलती, पडदे उघडे. मोबाइलवरच्या अॅपमध्ये किंवा होम असिस्टंटमध्ये इंजिनिअरिंग मोड चालू करून तीन मिनिटं प्रत्येक टप्प्याचे आकडे पाहा. समजा तिसऱ्या टप्प्यावर हलत्याचा आकडा ३५ पर्यंत जातोय, बाकीचे दहाच्या आत आहेत, तर तो पंखा किंवा पडदा आहे. त्या एका टप्प्याचा उंबरठा ४८-५० करा, बाकीच्यांना हात लावू नका. त्यानंतर कुणाला तरी सर्वांत लांबच्या खुर्चीत पाच मिनिटं पुस्तक देऊन बसवा. मध्येच 'नाही' आलं तर त्या खुर्चीच्या टप्प्याचा स्थिर उंबरठा पाच-पाचने कमी करत जा. घाईत सगळेच आकडे एकदम बदलले की नेमकं काय सुधारलं ते कळत नाही.

बंद होण्याची वेळ

यात कंजुषी करू नका. ७५ वॉटचा पंखा पाच मिनिटं जास्त चालला तर सव्वासहा वॉट-तास, म्हणजे आठ पैसेसुद्धा नाहीत. एका चुकीच्या बंद होण्याने मात्र घरच्यांचा विश्वास जातो. रडार असेल तर दिव्यांना तीन मिनिटं आणि पंख्याला पाच पुरेत. पीआयआर असेल तर किमान दहा ते पंधरा.

सेन्सरचा संपर्क तुटला तर तो 'नाही' न मानता 'आहे' असा धरा. अॅडॅप्टर सैल झाला म्हणून पाहुण्यांसमोर अंधार नको. वीज जाऊन आल्यावर रिले कोणत्या स्थितीत असावा हेही मॉड्यूलमध्ये ठरवता येतं, ते 'बंद' वर ठेवा. नाहीतर पहाटे तीनला वीज येते आणि सगळ्या बैठकीत उजेड होतो. राउटर आणि हब इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

एसीला रिलेने तोडू नका

दीड टनाच्या साध्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना चालू प्रवाहाच्या कित्येक पट करंट ओढतो. १० अँपिअरच्या रिलेचे संपर्क त्यात चिकटतात आणि मग बंदची आज्ञा देऊनही एसी चालूच राहतो. शिवाय चालता कॉम्प्रेसर मधेच तोडून लगेच जोडणं त्याच्या तब्येतीला वाईट. म्हणून इन्फ्रारेड ब्लास्टर. बहुतेक एसी रिमोट प्रत्येक दाबाबरोबर तापमान, मोड, पंख्याचा वेग आणि चालू-बंद अशी पूर्ण स्थिती पाठवतात, त्यामुळे 'बंद' म्हणजे बंदच जातं.

क्रम असा ठेवा: खोली १५ मिनिटं रिकामी, तापमान २८ वर. आणखी १५ मिनिटं रिकामी, एसी बंद. माणूस त्याआधी परतला तर पुन्हा २४-२५. मधली पायरी असल्याने खोली पुन्हा गार करण्याचा ताण कमी येतो. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मते एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं तरी साधारण ६ टक्के वीज वाचते, म्हणून सेन्सर लावल्यावरही १८ चा हट्ट सोडलेला बरा. ब्लास्टर एकतर्फी आहे, एसीने ऐकलं की नाही त्याला कळत नाही. एसीच्या झोताजवळ एक छोटा तापमान सेन्सर ठेवा. बंदनंतर दहा मिनिटांत झोताचं तापमान खोलीइतकं झालं नाही तर आज्ञा पुन्हा पाठवा.

न्हाणीघर

इथे दाराचा चुंबकी सेन्सर आणि पीआयआर अशी जोडी लावा, दोन्ही बॅटरीवर चालणारे. तर्क असा: दार बंद झाल्यानंतर आत हालचाल दिसली म्हणजे माणूस आत आहे, आता दार उघडेपर्यंत काहीही झालं तरी दिवा बंद करायचा नाही. दार उघडलं की तीन मिनिटांचं साधं टायमर. बाहेर पडून दार ओढून घेतलं आणि नंतर हालचाल नाही, तर एका मिनिटात बंद.

इथे एक खोच आहे. बॅटरीवरचे अनेक पीआयआर एकदा हालचाल दिसली की ती साठ-नव्वद सेकंदं तशीच धरून ठेवतात. माणूस बाहेर पडून दार लावतो, सेन्सर अजून 'आहे' म्हणतोय, आणि दिवा रात्रभर चालू. म्हणून दार बंद झाल्यावर सेन्सर एकदा 'नाही' होऊन पुन्हा 'आहे' झाला तरच माणूस आत असं धरा. एक्झॉस्ट पंखा दिव्याबरोबर बंद करू नका, दहा मिनिटं मागे चालू द्या, पावसाळ्यात भिंतींना ओल कमी धरते.

गीझर चाहुलीवर चालवायचा नसतो. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६१ युनिट लागतं आणि २ किलोवॉटच्या गीझरला त्यासाठी अठरा-वीस मिनिटं लागतात. माणूस आत शिरल्यावर सुरू करून उपयोग नाही. त्याला वेळापत्रक द्या, १६ अँपिअरच्या प्लगवर. दोन किलोवॉट म्हणजे जवळजवळ पावणेनऊ अँपिअर, १० अँपिअरचा प्लग रोज इतका तापवला तर पिवळा पडून वितळू शकतो. फ्रिज आणि राउटर या सगळ्यातून बाहेर ठेवा.

टीव्हीच्या बोर्डासाठी 'घर रिकामं' ही वेगळी स्थिती बनवा. ती मोबाइलवर ठरवू नका, आजी आणि कामाच्या मावशी घरात असतात तेव्हा त्यांचा फोन वाय-फायवर असेलच असं नाही. मुख्य दार बंद झाल्यानंतर वीस मिनिटं एकाही खोलीत चाहूल नाही, तर घर रिकामं. मग सेट-टॉप बॉक्ससह सगळा बोर्ड तोडा. बॉक्सला पुन्हा सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, रेकॉर्डिंग लावायची सवय असेल तर तो वगळा.

सोसायटीचा जिना

एवढं करण्याची तयारी नसेल तर निदान इथे करा, कारण सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त युनिटं इथेच वाचतात. सात मजले, मजल्याला २० वॉटच्या दोन ट्यूब, रात्रीचे बारा तास: रोज ३.३६ युनिटं, महिन्याला शंभर. सेन्सर असलेल्या ट्यूब लावल्या आणि प्रत्येक ट्यूब प्रत्यक्षात दोनच तास जळली तर १७ युनिटं लागतात. चौदा सेन्सरांचे अर्धा अर्धा वॉट धरून आणखी पाच. कॉमन मीटरवर दर महिन्याला ७८-७९ युनिटं कमी. ना हब, ना वाय-फाय. वायरमन जुनी ट्यूब काढून नवी लावतो, एवढंच काम.

ट्यूब घेताना पूर्ण बंद होणारी न घेता हालचाल नसताना मंद जळणारी घ्या, जिना काळोखा राहत नाही आणि ज्येष्ठांना पायरी दिसते. मंद जळण्याचे दोन-तीन वॉट वरच्या हिशोबात मिळवा. मायक्रोवेव्ह सेन्सरची ट्यूब दारापलीकडच्या घरातली हालचालही पकडते, म्हणून अरुंद मजल्यावर पीआयआरची बरी. ती लिफ्टच्या दारासमोर न लावता जिन्याच्या वळणावर अशी लावा की चढणारा माणूस तिच्या समोरून आडवा जाईल. पीआयआरला आडवी हालचाल लवकर दिसते, सरळ अंगावर येणारी उशिरा. तळमजल्याची आणि मीटर रूमजवळची ट्यूब मात्र रात्रभर साधीच जळू द्या.